तो थरथरता बेस

प्रश्न : गायिका डोना समरच्या 'आय फील लव्ह'मधला बेस (खालच्या सुरांची साथ) गॅदरिंगच्या नाचासाठी कीबोर्डवर बसवला. सूर बरोबर आहेत, पण मूळ गाण्यासारखी थरथर येत नाही. काय राहिलं?
– एक विद्यार्थिनी, जुळे सोलापूर

उत्तर : डीले राहिला, म्हणजे सुराची प्रत थोड्या उशिराने ऐकवणारा इफेक्ट. 1977 मधलं हे गाणं जॉर्जिओ मोरोडर आणि पीट बेलॉट या निर्मात्यांनी म्युनिकमध्ये केलं. मूग सिंथेसायझरवरचा (विजेवर सूर तयार करणारं वाद्य) बेस एका स्पीकरला दिला आणि त्याचीच किंचित उशिराची प्रत दुसऱ्याला. ती थरथर या दोन्हींची मिळून आहे.

टेम्पो 128 ठेवा, म्हणजे मिनिटाला 128 ठोके. एका ठोक्याला बेसचे दोन सूर, अगदी आखूड. डीले 117 मिलिसेकंद. म्हणजे प्रत बरोबर दोन सुरांच्या मधल्या जागेत पडते. फीडबॅक (प्रतीच्या पुन्हा प्रती काढणारं बटण) शून्यावरच हवा, वाढवलात की सगळी गिचमिड. दोन्हींचा आवाज सारखा ठेवा.

सभागृहाच्या दोन टोकांना स्पीकर असतील तर बेस मोनोच करा, म्हणजे दोन्ही स्पीकरना एकच मिश्र आवाज. नाहीतर एका बाजूच्या मुलींना फक्त उशिराचा सूर ऐकू येईल आणि पाय चुकतील.

बेस ड्रम मात्र खरा वापरा. मूगमधून हवा तसा दणका निघेना, म्हणून मूळ गाण्यातही ड्रमवादक कीथ फोर्सीने तो प्रत्यक्ष वाजवला. शिवाय मूगचा सूर सारखा उतरायचा, त्यामुळे ध्वनिमुद्रण तुकड्या-तुकड्यांनी करावं लागलं.

तोवर डिस्को म्हणजे व्हायोलिनांचा ताफा. या गाण्याने जवळजवळ सगळी साथ यंत्रावर सोपवली. पुढच्या हाउस आणि टेक्नो या यंत्रावरच्या नाचसंगीताची वाट इथूनच फुटली.