बकल पोटावर बसतं

पोरी,

तुझी लांबलचक मेल वाचली. आधी कोणती केल्टिक गाठ, म्हणजे एकमेकींत गुंफलेल्या पट्ट्यांची नक्षी घेऊ, थिसलचं, म्हणजे स्कॉटलंडच्या काटेरी झुडपाचं फूल मधे घेऊ की कडेला, नमुना हाताने कोरू की कॉम्प्युटरवर काढून प्रिंट करून आणू. शेवटी जरा चाचरत हेही, की चांदीकामाच्या हुपरीतल्या मुलीने किल्टवरची, म्हणजे स्कॉटिश पुरुषांच्या चुणीदार घागऱ्यावरची, बकलं करावीत का. सगळं विचारलंस. ते घालणार कोण, त्याचं पोट केवढं, तो खुर्चीत बसतो कसा, यावर एक ओळ नाही.

बकल पोटावर बसतं. टेबलावर नाही, फोटोत तर नाहीच नाही.

किल्ट कमरेला धरून ठेवतात त्या बाजूच्या लहान चामडी पट्ट्या. वरचा सव्वादोन इंची, म्हणजे 57 मिलिमीटरचा पट्टा बहुतेक शोभेचाच, आणि तिथेच घोळ होतो. शोभेचं आहे म्हटल्यावर करणारा फक्त समोरून बघतो. सपाट पाटी ओतायची, वर गाठ उठवायची, पॉलिश मारायचं, झालं. माणूस उभा असेपर्यंत ठीक. बसला की पोट पुढे येतं, पाटीची वरची कड त्यात रुतते, खालची कड हवेत राहते, आणि मागचा आकडा, म्हणजे पट्ट्यात अडकवायचा हूक, तिरका ओढला जातो. लग्नात जेवणाच्या टेबलाखाली हळूच आकडा सोडणारे मी इतके पाहिलेत की ग्लासगोत लग्नाला गेलो की आधी पाहुण्यांच्या हातांकडे लक्ष जातं.

म्हणून नमुनाच वाकलेला कर. मेणाची तीनेक मिलिमीटरची पाटी कोमट करून लाकडी ठोकळ्यावर वाकव, आणि मगच कोरायला घे. तू म्हणशील, सपाट ओतू, नंतर वाकवू. प्यूटर, म्हणजे आपला कथलाचा मिश्रधातू, मऊ असतो, वाकेलही. पण मोगरीखाली गाठीचे उठाव चेपतात, आणि एक पट्टी दुसरीखालून जाते तिथली खोली बुजते. त्या खोलीत काळा रंग धरला नाही तर गाठ दिसतच नाही. कॉम्प्युटरवर काढायचं असेल तर खुशाल काढ, मला त्याचं वावडं नाही. पण तिथे बाक द्यायला कोणी विसरलं की स्क्रीन ओरडत नाही, पोट ओरडतं.

आकडा मात्र प्यूटरचा ओतू नकोस. आधी वाकतो, मग तुटतो. पितळेचा घाल.

आता तुझ्या त्या चाचरत्या प्रश्नाकडे येतो. हायलंड, म्हणजे स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातल्या पोशाखावर 1746च्या कायद्याने बंदी आली, ती 1782 मध्ये उठली. 1822 मध्ये राजा चौथा जॉर्ज एडिनबराला आला, कादंबरीकार वॉल्टर स्कॉटने सगळा थाट मांडला, आणि आज ज्याला लोक परंपरा म्हणतात त्यातलं बरंच त्या थाटानंतर रुजलं. राजा स्वतः किल्ट घालून मिरवला. चांगला लठ्ठ होता. डेव्हिड विल्कीने चित्रात त्याला बराच सावरून घेतला. चित्रकाराला ते परवडतं, बकलवाल्याला नाही. तर तू कुठली हे इथे कोणी विचारणार नाही. ‘केली’ नावाच्या इथल्या सामूहिक नाचात तीन फेऱ्या मारल्यावर बकल जागेवर आहे ना, एवढंच विचारतील.

विचारायचंच असेल तर कुलचिन्हांचं विचार. गिऱ्हाईक म्हणेल, आमच्या घराण्याची ढाल कोरून दे. ढाल एकाच माणसाची असते. कुळातल्या इतरांनी कुळाच्या सरदाराचं शिरचिन्ह, म्हणजे ढालीवरचं चिन्ह, पट्टा-बकलच्या गोलात घालून वापरायचं, असा रिवाज आहे, आणि इथे लॉर्ड लायनचं, म्हणजे स्कॉटलंडच्या कुलचिन्ह अधिकाऱ्याचं, कोर्ट अजून हे बघतं. थिसल आणि गाठी कोणाच्याच मालकीच्या नाहीत. तिथून सुरू कर.

मी हे इतकं का घोकतो? बऱ्याच वर्षांपूर्वी इथल्या एका दुकानाने मला मोठी ऑर्डर देऊ केली होती. अट एकच, पाटी सपाट हवी, कारण डब्यात नीट रचता येते. मी नाही म्हणालो. त्यांनी झिंकची, चकचकीत मुलाम्याची आणली आणि ती धडाधड खपली. तुझी काकू अजून म्हणते, घेतली असतीस तर आज हा गाळा भाड्याचा नसता. म्हणू दे. डब्यात रचलेलं बकल कोणाच्या पोटावर बसतं ते मला सांगा! खरं सांगायचं तर भाड्याचा दिवस आला की तिचं म्हणणं मला जास्त पटतं. पण ऑर्डर पुन्हा आली तरी मी नाहीच म्हणेन, आणि ते तत्त्वापायी म्हणेन की हट्टापायी, याचा निवाडा तू करू नकोस.

वैतागून बोललो असेन. तुझा हात चांगला आहे, पैंजणाच्या कड्या जुळवणाऱ्या घरातला आहे, म्हणूनच चिडतो.

शनिवारी ये. शिशाचा जुना प्यूटर कोणी स्वस्तात देत असेल तर घेऊ नकोस. आपण 92 टक्के कथील आणि बाकी अँटिमनी, तांबं असलेलाच वापरतो. साच्यात पाण्याचा थेंब राहिला तर धातू उसळून अंगावर येतो, तेव्हा साचे आदल्या रात्रीच कोरडे करून ठेव. तुझ्या चांदीच्या कानशी घरीच ठेव. प्यूटरचा कण चांदीवर राहिला आणि डाक देताना तापला तर चांदीला भोक पडतं, मग तुझे बाबा मला फोन करतील. आणि येताना एक पोट असलेला माणूस घेऊन ये. मित्र चालेल, घरमालक चालेल. त्याला खुर्चीत बसवून वरच्या कडेमागे बोट घालून बघू.

— काका