पोराच्या हाती पैसा आला तर?

"मॅडम, आत्ताच पैशाची चव लागली तर हा शाळेत टिकेल का?" मी समुपदेशक आहे. पोराला सणाला काहीतरी विकायचं असतं, आणि वस्तीतल्या आयांकडून हा प्रश्न इतक्यांदा ऐकलाय, की दिवाळी जवळ आली की तो येणार हे मी धरूनच चालते. कोणी म्हणतं, हातात पैसा खेळायला लागला की पोरगं ऐकत नाही. कोणी भावाचा दाखला देतं. तो नववीत हातगाडीवर विकायला उभा राहिला तो परत वर्गात गेलाच नाही. काळजी खोटी नाही. पोर दहावीच्या पुढे जाणारं घरातलं पहिलंच असतं, आणि त्यासाठी आईने काय काय सोसलेलं असतं ते तिलाच माहीत. म्हणून सागरबद्दल सांगते. नाव अर्थातच बदललेलं आहे.

सागर सोळा वर्षांचा, अकरावी कॉमर्सला. पुण्यात पर्वतीच्या उतारावरच्या वस्तीत आई आणि धाकट्या बहिणीसोबत राहतो. आई सहकारनगरात धुणीभांडी करते. त्याला दिवाळीत आकाशकंदील करून विकायचे होते, आईचा साफ नकार होता, आणि घरात अबोला धरलेला. अभ्यासिकेच्या ताईंनी दोघांना माझ्याकडे धाडलं.

सुरुवातीला तो एकटा येऊन बसायचा. पैसे कशाला हवेत म्हटलं की ठरलेलं उत्तर, "मोबाइलला." एके दिवशी मात्र बोलून गेला, "घरात काही ठरवायचं असलं ना मॅडम, की आई शेजारच्या काकांना विचारते. मी समोरच बसलेला असतो."

मला धागा तिथे सापडला. मी मानसोपचारतज्ज्ञ आल्फ्रेड अ‍ॅडलर यांच्या वाटेने काम करते. आपण कोणाच्या तरी उपयोगी पडतोय आणि आपल्याला घरात जागा आहे, हे माणसाला जाणवलं की त्याचं धैर्य वाढतं, असं ते मानत. १९२०च्या दशकात व्हिएन्नात त्यांनी बालमार्गदर्शन केंद्रं चालवली, तिथे मुलासोबत पालक आणि शिक्षकही बसत. मीही पुढच्या भेटींना आईला बोलावलं.

आई एका दिवाळीपुरती तयार झाली, तीही कुरकुरत. माझी अट एकच होती: सगळा हिशोब वहीत लिहायचा आणि वही घरात उघडी ठेवायची. त्याने साठवलेले आठशे, आईचे हजार, असं अठराशेचं भांडवल झालं. बुरुड आळीतून कामट्या आल्या, बोहरी आळीतून कागद आला, खळ आईने शिजवून दिली. रात्री पाच-पाच करत चाळीस कंदील झाले.

दिवाळीनंतर दोघं वही घेऊन आले. सागरची छाती फुगलेली. एकतीस कंदील, प्रत्येकी एकशेवीस रुपये, नफा एक हजार नऊशे वीस. आईने वही स्वतःकडे ओढली. तिला अक्षरं नीट लागत नाहीत, आकडे मात्र चोख लागतात.

"यातले हातात आले किती?"

"सहा जणांकडे उधारी आहे."

"मित्रच ना? म्हणजे सातशेवीस गेले तिकडे. राहिले बाराशे. आणि तुझी मजुरी?"

"माझी कसली मजुरी? घरचंच काम."

"रात्री तीन-तीन तास बसलास, ते आठ रात्री. मग रस्त्यावर चार संध्याकाळी, पाच-पाच तास. ते कुणाचे होते?"

सागरने बेरीज केली. चव्वेचाळीस तास. भागाकार करून हळूच म्हणाला, "तासाला सत्तावीस रुपये पडले."

तो आता वहीकडे पाहतच नव्हता. आईकडे पाहत होता. "तुला हे कुणी शिकवलं?"

"एकटीने घर कसं चालवते मग मी?"

मी मध्ये एक शब्द बोलले नाही. असा क्षण आला की समुपदेशकाने गप्प राहायचं असतं, आणि ते मला इतक्या वर्षांत चांगलं जमायला लागलं आहे. थोड्या वेळाने तोच म्हणाला, "आमच्या पुस्तपालनाच्या पुस्तकात ऋणको असतात मॅडम. म्हणजे हीच उधारीवाली पोरं की!" जे प्रकरण तो घोकत होता ते आता त्याच्या सहा मित्रांची नावं घेऊन समोर उभं होतं. आई पहिल्यांदा हसली.

त्या दिवशी मला जे दिसलं ते मी कितीतरी घरांत पाहिलं आहे. आई पैशाचं नाव घेते, पण तिला धास्ती असते ती मुलाच्या आयुष्यात आपला शब्द उरणार नाही याची. आणि मुलगा मोबाइलचं नाव घेतो, तेव्हा त्याला घरात आपलं मत हवं असतं. वही मध्ये आली की दोघांना ते मिळतं. जिथे कमाई लपवली जाते, तिथे शाळा सुटण्याचा धोका वाढतो, असं माझ्या पाहण्यात आलं आहे.

म्हणून आयांना मी सांगते, नुसतं 'नको' म्हणू नका, ठरवून करू द्या. सणाचा धंदा निवडा, म्हणजे सुरुवात आणि शेवट आपोआप ठरतो. परीक्षेच्या महिन्यात काम नाही, हे आधीच बोलून घ्या. कर्ज काढू नका. अठराच्या आतल्या मुलाने केलेला करार कायद्याने ग्राह्य नसतो, त्यामुळे कर्ज तुमच्या नावावर काढावं लागतं आणि फेडायचा बोजा तुमच्यावरच पडतो. बँकेत त्याच्या नावाने खातं मात्र काढा. दहा वर्षांवरील मुलांना बँकेने घातलेल्या मर्यादेत ते स्वतः चालवता येतं.

कायद्याचंही पाहायला हवं. चौदाच्या आतल्या मुलाला कामाला लावता येत नाही. शाळा सांभाळून घरच्या बिनधोक धंद्यात हातभार लावायला सूट आहे. चौदा ते अठरा या वयात खाण, स्फोटकं, ज्वालाग्राही पदार्थ आणि घातक प्रक्रियांची कामं बंद आहेत, म्हणून दिवाळीत पोराला फटाके बनवण्याच्या कामाला पाठवू नका. पथविक्रेत्यांच्या २०१४च्या कायद्यात, पालिकेच्या पाहणीत नोंद झालेल्या आणि चौदा वर्षं पूर्ण केलेल्या विक्रेत्याला विक्रीच्या प्रमाणपत्राची तरतूद आहे. हे फार थोड्या घरांना माहीत असतं. विकायला आवडत नसेल, तर १९६१च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली चौदाव्या वर्षापासून शिकाऊ म्हणून घेता येतं. धोक्याच्या कामांना अठरा लागतात. जवळच्या आयटीआयमध्ये जाऊन विचारा.

सागरने चौघांकडून उधारी वसूल केली. दोघांनी पैसे दिले नाहीत, ते त्याने वहीत बुडीत लिहिले. पुढच्या हंगामाला राख्या करायचं आई-मुलाने मिळून ठरवलं, आणि त्याची मजुरी पहिल्याच पानावर लिहिली.

पोर वही दाखवायला टाळाटाळ करू लागलं, किंवा कॉलेजच्या वेळेत ठेल्यावर दिसू लागलं, तर ओरडण्याआधी त्याला घेऊन या. तेवढ्यावर गाडी रुळावर आणता येते.