वाचक विचारतात: कॉफी, बागेतून रोस्टरकडे

प्रश्न: माझी सासुरवाडी चिकमगळूरजवळ आहे. चार एकर अरेबिका. सगळं पीक अंगणात वाळवून व्यापाऱ्याला जातं. यंदा थोडा माल पुण्यातल्या एका छोट्या रोस्टरला (कॉफी भाजून विकणाऱ्याला) द्यायचा आहे. काय बदलावं लागेल? (एक वाचक, पुणे)

पहिल्या वर्षी सगळ्या पिकाला हात लावू नका. 300 किलो फळं वेगळी काढा, त्यातून साधारण 50 किलो कच्चे दाणे मिळतील. तोडणी फक्त पूर्ण लाल फळांची, म्हणजे एकाच झाडाकडे तीन-चारदा जावं लागेल. इथे मजुरी वाढते, म्हणून भावाचं बोलणं तोडणीआधीच करून घ्या. अर्धकच्चं फळ मिसळलं तर ते दाणे भट्टीत फिकट राहतात आणि कपात शेंगदाण्याच्या फोलपटाची चव येते.

त्याच संध्याकाळी फळं पाण्याच्या टाकीत टाका. वर तरंगतील ती पोकळ किंवा किडकी. ती नेहमीच्या मालात ढकला.

पल्पर (ओल्या फळाची साल काढायचं यंत्र) नसेल तर नॅचरल पद्धत सोयीची, म्हणजे फळ सालीसकट वाळवायचं. अंगणाऐवजी कमरेइतक्या उंचीवर जाळीचं मचाण बांधा. पहिले दोन-तीन दिवस एकच थर, तासा-दीड तासाने हलवणं. दव पडायच्या आत झाकायचं, पण प्लास्टिक फळांना टेकू द्यायचं नाही. दोन ते चार आठवडे लागतात. बिघडतं ते बहुतेक वेळा पहिल्या तीन दिवसांतच. थर जाड झाला की खालची फळं आंबतात, व्हिनेगरचा वास धरतो, आणि मग कितीही ऊन दिलं तरी तो जात नाही.

पल्पर असेल तर वॉश्ड करता येईल, म्हणजे साल काढून, दाणे धुऊन मग वाळवायचे. साल काढल्यावर दाण्यांवरचा चिकट थर सुटायला हवेच्या गारव्यानुसार 12 ते 36 तास लागतात. घड्याळावर विसंबू नका. मूठभर दाणे धुऊन चोळा. बुळबुळीतपणा जाऊन खडे घासल्यासारखं लागलं की लगेच धुवा. त्यापुढे ठेवलेले दाणे कुजका वास धरतात, आणि असा एक दाणा अख्खा कप नासवतो.

ओलावा 10.5 ते 11.5 टक्क्यांवर आला की वाळवण थांबवा. तो दाताने चावून ठरवू नका, मीटर मिळवा. मग महिनाभर फळं (वॉश्ड असेल तर पार्चमेंट, म्हणजे पातळ टरफलातले दाणे) तशीच सावलीत मुरू द्या, सोलणं त्यानंतर. नुसत्या गोणपाटात भरून पावसाळा काढू नका. दमट हवेत दाणे फुगून पांढुरके होतात. मॉन्सून्ड मलबार नावाची कॉफी मुद्दाम तशीच करतात, पण तुम्हाला ती करायची नाही. आत हवाबंद अस्तराची पिशवी हवी. रोस्टरला आधी अर्धा किलो नमुना पाठवा. तो भाजून, चाखून झाल्याशिवाय पोती हलवू नका.

प्रश्न: तीन दिवसांपूर्वी भाजलेली लाइट रोस्ट (हलकी भाजलेली) कॉफी आणली. पोअरओव्हर करते, म्हणजे फिल्टरमधल्या कॉफीवर गरम पाणी ओतून गाळते, तरी आंबट आणि पातळ लागते. (एक वाचक, ठाणे)

इतकी ताजी नको. भाजलेल्या दाण्यात कार्बन डायऑक्साइड कोंडलेला असतो आणि तो पाण्याला आत शिरू देत नाही. लाइट रोस्ट आठ-दहा दिवस पाकिटातच राहू द्या. मग 15 ग्रॅम कॉफीला 240 मिली पाणी, उकळी थांबल्यावर लगेच, 94-95 अंशांचं. आधी 40 मिली ओतून अर्धा मिनिट थांबा, बाकीचं दोन-तीन खेपांत. एकूण तीन मिनिटांत पाणी उतरावं. दोन मिनिटांतच उतरत असेल तर दळण जाड आहे, ग्राइंडर एक घर बारीक करा. कडवट, घशाला ओढणारी झाली तर उलट. एका वेळी एकच गोष्ट बदला. दळून आणलेल्या पाकिटावर मात्र इलाज नाही.

पाणीही तपासा. टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) 20-30 असलेल्या आरओच्या पाण्यात आंबटपणा टोचतो, तर बोअरच्या जड पाण्यात कॉफी सपक होते. 100 ते 150 च्या आसपास बरं.

प्रश्न: आमच्या चिखलदऱ्याच्या कॉफीला ‘स्पेशालिटी’ म्हणता येईल का? (एक वाचक, अमरावती)

गावाच्या नावावर ते ठरत नाही. रूढ निकष असा: चाखणीत 100 पैकी 80 किंवा अधिक गुण, आणि 350 ग्रॅम कच्च्या दाण्यांत पूर्ण काळा, आंबलेला किंवा बुरशीचा एकही दाणा नको. चिखलदऱ्याची सुमारे 1,100 मीटर उंची अरेबिकाला पुरेशी आहे. घोडं अडतं ते तोडणी आणि वाळवणीपाशी. घेताना पीक कुठल्या हंगामाचं आणि दाणे कधी सोललेले, एवढं विचारा; विक्रेत्याला सांगता येत नसेल तर जादा दाम मोजू नका.