वाचक विचारतात: नाव कळलं, मग जागा कशाला?

प्रश्न: प्राण्यांची शास्त्रीय नावं सारखी का बदलतात? आणि प्राणी कुठे दिसला हे लिहून ठेवायचा एवढा आग्रह कशासाठी?

उत्तर: सारखी नाही हो, पण बदलतात खरी. सिंहाचंच बघा, लिनियस या स्वीडिश शास्त्रज्ञाने १७५८ मध्ये त्याला मांजराच्या गटात टाकून फेलिस लिओ म्हटलं, पुढे गट बदलला आणि तो पँथेरा लिओ झाला, म्हणजे आडनाव बदललं, लिओ तसंच राहिलं. हल्ली डीएनए तपासला की एकसारखे दिसणारे दोन बेडूक वेगळ्याच प्रजातींचे निघतात, आणि तेव्हा ज्याच्यावरून पहिल्यांदा नाव दिलं तो जुना नमुना नेमक्या कुठल्या ठिकाणचा हे माहीत नसेल तर मूळ नाव कोणाला द्यायचं यावरून डोकं धरायची वेळ येते. म्हणून जागा, तारीख, कोणी पाहिला हे सगळं लिहायचं, जीपीएस असेल तर उत्तमच, नुसतं ‘जंगलात दिसला’ लिहिलेलं माझ्या मते जवळपास निरुपयोगी.

एक मात्र आहे, नोंदी जास्त करून रस्त्याच्या कडेच्याच असतात (माणसं तिथेच जातात ना!), त्यामुळे नकाशावर ठिपका नाही म्हणजे तिथे प्राणी नाही असं समजू नका. आणि दुर्मिळ प्राण्याची अचूक जागा सगळ्यांसमोर टाकू नका, शिकारीही वाचतात.