कर्जमाफी होऊनही विदर्भातील शेतकरी आत्महत्या का थांबत नाहीत?

एवढ्या कर्जमाफ्या होऊनही आत्महत्या थांबत नसतील, तर त्यांचा कर्जाशी खरोखर संबंध आहे का, असे आपण विचारले आहे. संबंध निश्चित आहे. मात्र जे कर्ज माफ होते आणि जे कर्ज माणसाला खचवते, ती बहुतेकदा दोन वेगळी कर्जे असतात. यवतमाळ जिल्ह्यातील एका सेवा सहकारी सोसायटीत, म्हणजे गावातल्या शेतकऱ्यांना पीककर्ज देणाऱ्या संस्थेत, मी अनेक वर्षे गटसचिव, म्हणजे कर्जाचे हिशेब ठेवणारा, होतो, त्या अनुभवावरून हे लिहितो.

पीककर्ज ३१ मार्चपर्यंत फेडले तर व्याजात सवलत मिळते आणि नवे कर्ज उचलता येते. पडत्या भावात कापूस विकलेल्या कास्तकाराकडे तेव्हा तेवढी रक्कम नसते, म्हणून तो सावकाराकडून आठ-पंधरा दिवसांसाठी पैसे आणतो, सोसायटीत भरणा करतो आणि नवे कर्ज हाती येताच ते व्याजासह सावकाराला देऊन टाकतो. याला 'नवे-जुने करणे' म्हणतात. आमच्या वहीत तो नियमित खातेदार असे, पण जूनमध्ये पेरणीसाठी त्याच्याजवळ काही उरलेले नसे. मग बियाणे-खत कृषी केंद्रातून उधारीवर, पाऊस लांबला तर दुबार पेरणीचे बियाणेही उधारीवर, आणि घरात लग्न किंवा दवाखाना निघाला तर पुन्हा सावकार, तोही बहुधा बिनपरवान्याचा, जो शेताचे विक्रीखत करून घेऊनच पैसे देतो.

२००८ साली केंद्राने दिलेली संपूर्ण माफी दोन हेक्टरपर्यंतच्या (सुमारे पाच एकर) थकबाकीदारांपुरती होती. आठ एकर कोरडवाहू जमिनीचा मालक तिच्यात बसला नाही आणि नवे-जुने करून खाते चालू ठेवणाराही बसला नाही. खाते थकू देऊ नका, असा आग्रह त्यांना मीच करीत आलो होतो.

व्यसन, आजारपण, घरातील वाद ही आत्महत्येनंतरच्या सरकारी चौकशीत लिहिली जाणारी कारणे खोटीच असतात असे नाही, पण त्यांतली कितीतरी याच ओढाताणीतून आलेली मी पाहिली. २००५ पासून 'पात्र' ठरलेल्या कुटुंबाला शासन एक लाख रुपये देते. त्यासाठी कर्ज बँकेचे, सहकारी संस्थेचे किंवा परवानाधारक सावकाराचे असावे लागते. एका घरी आम्ही चौकशीला गेलो, तेव्हा त्या माउलीने पत्र्याच्या पेटीतून कृषी केंद्राच्या उधारीच्या चिठ्ठ्या काढून तलाठ्यापुढे ठेवल्या. त्यांची नोंद झाली नाही. सोसायटीच्या दाखल्यात थकबाकी निरंक होती, प्रकरण अपात्र ठरले, आणि त्या दाखल्यावर सही माझी आहे.