शहरातल्या गरीब तरुणांसाठी रोजगार हमीसारखी सरकारी कामं काढली तर त्यांची गरिबी कमी होईल का?

होईल, पण काम मागायचा हक्क आणि 15 दिवसांत मजुरी या दोन गोष्टी कायद्यातच लिहिल्या तर. नुसती योजना जाहीर करून काही होत नाही.

‘खड्डे खणायला लावून तरुणांचं काय भलं होणार’ असं अशा कामांबद्दल नेहमी विचारलं जातं, म्हणून मी उत्तर लिहायला बसलो. मी यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा तालुक्यातला. ते खड्डे मी खणलेत.

आमच्याकडे कापसाची वेचणी संपली की पेरणीपर्यंत हाताला काम नसतं. पोट्टे नागपूर-पुण्याला साइटवर जातात. बारावीनंतरच्या उन्हाळ्यात आम्ही काही जण ग्रामपंचायतीत काम मागायला गेलो, तर तोंडी उत्तर मिळालं, ‘सध्या काम नाही.’ शेजारच्या गावातल्या एका ताईंनी सांगितलं, तोंडी मागू नका. नमुना 4, म्हणजे काम मागायचा अर्ज, भरा आणि नमुना 5 ची पावती घेतल्याशिवाय उठू नका. पावतीवर तारीख पडली की 15 दिवसांत काम द्यावं लागतं, नाही तर बेरोजगार भत्ता. म्हणूनच तारीख टाकायला कोणी तयार नव्हतं. आम्ही दुपारभर ओट्यावर बसून राहिलो. संध्याकाळी शिक्का बसला, आणि जे काम ‘नव्हतं’ ते लवकरच निघालं: नाल्याचं खोलीकरण.

वैशाखातला मुरूम. टिकास (कुदळ) मारली की कोपरापर्यंत झिणझिण्या येतात. खड्ड्याच्या मधोमध मातीचा एक खुंट तसाच ठेवायचा असतो. साहेब मोजमापाला येतात तेव्हा त्याच्या उंचीवरून खोली धरतात आणि मजुरी निघते, म्हणून बायामाणसं त्या खुंटाला कोणाचा पायही लागू देत नाहीत. आज त्या नाल्याच्या पाण्यावर काठचे शेतकरी हरभरा ओलवतात.

मजुरी मात्र उशिरा आली. सोबतचे दोघं ती खात्यात पडायच्या आधीच नागपूरला ठिय्यावर, म्हणजे मजुरांच्या नाक्यावर, जाऊन उभे राहिले, कारण तिथे संध्याकाळी रोख मिळते. गरिबाघरचा पोट्टा पैशासाठी महिना-महिना थांबू शकत नाही. शहरात तर अजिबात नाही, तिथे खोलीभाडं असतं.

आमचे मोठे भाटवे, म्हणजे बहिणीचे यजमान, नागपूरला नोकरीत आहेत. दर दिवाळीला त्यांचं ठरलेलं, ‘माह्या पगारातून दोनशे कापतेत अन् तुमचे पोट्टे आळशी करतेत.’ कापतात हे खरं आहे. 1972 च्या दुष्काळात विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांची रोजगार हमी राज्यभर उभी राहिली, तिच्या खर्चासाठी 1975 मध्ये व्यवसाय कर आला (पगारातून कापतात तो हाच), 1977 मध्ये हमीचा कायदा झाला. पण मे महिन्यात मुरूम खणणाऱ्याला आळशी म्हणणं मला तेव्हाही सहन झालं नाही, आजही होत नाही.

आता त्यांचाच मुलगा, माझा भाचा, पदवी घेऊन घरी बसलाय. मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत महिना 10,000 रुपयांवर एका कार्यालयात लागला होता. मुदत संपली आणि काम संपलं. पोरगा हुशार आहे, मेहनती आहे, पण पुढचं काम मागायला त्याच्या हातात कुठलाच नमुना नाही. भाटव्यांना माझं सांगणं आहे, कर बंद करा म्हणू नका. तशीच हमी शहरातल्या पोरांनाही द्या म्हणून मागा.

हे हवेतलं नाही. केरळात अय्यनकाली शहरी रोजगार हमी 2010 पासून आहे, राजस्थानने 9 सप्टेंबर 2022 ला शहरांसाठी 100 दिवसांची योजना सुरू केली.

एक मात्र आहे. मनरेगाचा, म्हणजे केंद्राच्या ग्रामीण रोजगार हमीचा, महाराष्ट्रातला 2024-25 चा दर रोज 297 रुपये होता, त्यावर शहरात कोणी येणार नाही. शिकलेल्यांना नालेसफाईसोबत सर्वेक्षण, नोंदी, शाळा-दवाखान्यातली कामंही हवीत. आणि मस्टरवर (हजेरीपटावर) नावं माणसांची, खोदणार जेसीबी, हा प्रकारही मी पाहिलाय. हजेरी वॉर्डात सर्वांसमोर वाचली पाहिजे.

तुमच्या शहरात अशी योजना आली तर नगरसेवकाला आधी एवढंच विचारा: काम मागितल्याची तारखेची पावती कोण देणार, आणि मजुरी थकली तर भरपाई कोणाकडून?