जिनसेंग नको, अश्वगंधा लावा. पण बी आधी राखा

प्रश्न : निवृत्त झालो आहे. उमरेड रोडला दोन एकर शेत आहे, अर्धं काळं, अर्धं मुरमाड. मुलगा कॅनडात असतो. त्याने तिथल्या जिनसेंगच्या (औषधी मुळांसाठी लावतात ते झाड) शेतांचे फोटो पाठवले. म्हणे, ते लोक पाच-सहा वर्षं पुढचं ठरवून पेरतात. आपल्याकडे जमेल का? पुढच्या पिकांची सोय कशी लावावी?
– एक वाचक, नागपूर

उत्तर : भाऊ, जिनसेंगचा नाद सोडा. त्याला डोक्यावर दाट सावली हवी आणि हिवाळ्यात कडाक्याची थंडी. आपल्या मे महिन्यात पारा ४५ वर गेला की माणूस कूलरपुढून हलत नाही, तिथे त्या रोपट्याची काय कथा!

मुलगा सांगतो ते मात्र खरं आहे. जिनसेंगचं ताजं बी उगवायलाच साधारण १८ महिने घेतं, आणि तोवर ते सुकू द्यायचं नाही, ओल्या वाळूत ठेवायचं. झाडाला बी धरतं तिसऱ्या वर्षापासून. मुळं खणतात चौथ्या-पाचव्या वर्षी, आणि एकदा खणली की त्या जमिनीत जिनसेंग पुन्हा धड येत नाही, मुळं सडतात. म्हणून तिथला शेतकरी दरवर्षी नव्या तुकड्यात थोडं थोडं पेरत जातो.

तुम्ही अश्वगंधा लावा. व्यापारी तिला ‘इंडियन जिनसेंग’ म्हणून विकतात, पण ती वांग्या-टमाट्याच्या गोतातली. जिनसेंगशी तिचं नातं नाही. मुरमाड तुकड्यातच लावा, काळ्यात पाणी साचलं की मूळ कुजतं. जोराचा पाऊस ओसरू लागला की, ऑगस्टच्या सुमारास, पेरा. फेकून पेरलं तर एकरी चार-पाच किलो बी पुरतं.

आता माझी फजिती ऐका. पहिल्या साली पानं पिवळी पडली, फळं लाल झाली, तशी मी मजूर लावून मुळं उपटली. सगळं लक्ष मुळांवर. कापलेले शेंडे बांधावर टाकले, बकऱ्या आल्या आणि बी गेलं! पुढच्या साली एकाकडून विकत आणलं, ते जुनं निघालं. निम्मंही उगवलं नाही. तेव्हापासून उपटणीच्या आधीच मी धष्टपुष्ट, निरोगी झाडांना सुतळी बांधून ठेवते. त्यांची लाल फळं वेगळी तोडायची, पाण्यात चोळून बी काढायचं, सावलीत वाळवायचं आणि कापडी पिशवीत कोरड्या जागी टांगायचं. ते पुढच्याच पेरणीला वापरा, दुसऱ्या सालावर भरवसा नको.

त्याच तुकड्यात लगेच वांगी, मिरची, टमाटे घेऊ नका. एकाच गोताची पिकं म्हणून सूत्रकृमी (मुळांना लागणाऱ्या बारीक अळ्या) आणि रोग तसेच पुढे चालतात. तूर घ्या. अश्वगंधा पुढच्या साली दुसऱ्या कोपऱ्यात.

पहिल्या साली अर्धा एकरच करा, आणि मुळं कोण घेणार ते पेरणीआधी विचारून ठेवा. मोठा बाजार मध्य प्रदेशात नीमचला आहे, तिथवर दोन पोती नेण्यात भाडंच जाईल.